तुमचे प्रश्न : सॉफ्टवेअर विकायची नोकरी

गेल्या अंकात आम्ही सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या सेल्सच्या नोकरीविषयी प्रश्न मागवले होते. आयटी म्हटलं की कोड लिहिणाराच डोळ्यांसमोर येतो; पण तो कोड कुणीतरी विकतं, तेव्हा पगार होतात. भोसरी-चाकणपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंतच्या कारखान्यांना हिशेबाची आणि उत्पादनाची सॉफ्टवेअर विकण्यात ज्यांच्या उमेदीची वर्षं गेली, अशा एक ताई उत्तरं देत आहेत. त्यांच्या आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झालो. पुण्याच्या एका ईआरपी (कारखान्याचा हिशेब, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) कंपनीत 'बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह' म्हणून ऑफर आहे, पॅकेज 6 लाख. घरचे म्हणतात, इंजिनिअर होऊन दारोदार फिरणार का? नेमकं काम काय असतं? हो म्हणू का? (बार्शी)

आधी पैशाचं बोलू. 6 लाख भागिले 12 हा हिशेब घरात झाला असेल आणि महिना 50 हजार असं मामांना सांगूनही झालं असेल. आता ऑफर लेटरचं शेवटचं पान उघड. सेल्सच्या पॅकेजमध्ये 'व्हेरिएबल' नावाचा एक तुकडा असतो, टार्गेट झालं तरच मिळणारा. तो 30 टक्के धरला तर 1 लाख 80 हजार तिथेच गेले. उरलेल्या 4 लाख 20 हजारांत कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ (15 हजारांच्या मर्यादेवर धरला तर वर्षाचे 21,600) आणि ग्रॅच्युइटीही मोजते. मग तुझा पीएफ कापतात, 200 रुपये व्यवसाय कर कापतात. हातात येतात 30 हजारांच्या आसपास. पुण्यात कॉट बेसिसची खोली, मेस आणि पेट्रोल त्यात भागतं. बुलेटचा हप्ता भागत नाही.

व्हेरिएबल वाईट नसतं, माझ्या फ्लॅटचं कर्ज त्यावरच फिटलं. पण एचआरला फोन लाव आणि विचार. हा टार्गेटवरचा इन्सेंटिव्ह ऑर्डर आली की मिळतो, बिल झालं की, की ग्राहकाचे पैसे खात्यात पडले की? टार्गेटच्या अमुक टक्क्यांखाली काहीच मिळत नाही अशी अट आहे का? नवीन माणसाला पहिल्या तिमाहीत टार्गेट कमी असतं का? मध्येच नोकरी सोडली तर कमावलेला पण अजून न वाटलेला इन्सेंटिव्ह बुडतो का? आणि पेट्रोलचे किलोमीटरला किती? एचआर म्हणेल, जॉइन झाल्यावर पॉलिसी मिळेल. गोड आवाजात सांग, मेलवर पाठवाल का. नाही पाठवली तर तेही एक उत्तरच आहे.

आता 'दारोदार'. हो, फिरशील. पण आधी पुष्कळ महिने फोनवर बसशील. तुला कंपन्यांची एक यादी मिळेल, त्यातले निम्मे नंबर बंद, काही मालकाच्या मेहुण्याचे. दिवसभर फोन करून दोन-चार भेटी ठरल्या तर दिवस बरा गेला म्हणायचा. सकाळी टीमचा कॉल असतो, काल कोणाशी काय बोललास ते सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरलेलं लागतं. ते भरायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. तू भर. इन्सेंटिव्हची भांडणं पुढे त्या नोंदींवरच मिटतात.

मग एमआयडीसी. भोसरी-चिंचवडला गुरुवारी सुट्टी असते, हे माहीत नसलेले नवे लोक गुरुवारी कुलूप बघून येतात. गेटवर वॉचमन वहीत नाव, कंपनी, कोणाला भेटायचं, लॅपटॉपचा नंबर लिहून घेतो. वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. आत गेलास की मालक राउंडला गेलेले असतात. थांबायचं. थांबताना फोनमध्ये डोकं घालू नकोस, शॉपकडे, म्हणजे यंत्रं चालतात तिकडे बघ. तुझी इंजिनिअरिंगची डिग्री तिथे कामाला येते, म्हणून ही कंपनी तुला घेतेय.

एक उदाहरण देते. प्रेस पार्ट बनवणारा एखादा कारखाना. माल प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, बाहेर जातो. जाताना नगांवर जातो, चलनावर लिहिलेलं असतं 5,000 नग. येताना वजनावर येतो, इतके इतके किलो. मध्ये किती हरवले, किती प्लेटरकडे पडून आहेत, किती रिजेक्ट झाले, कुणालाच सांगता येत नाही. आणि जीएसटीत असा जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, आयटीसी-04 या फॉर्ममध्ये त्याचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तो माल पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर बसतो. आता दोन पोरं त्या मालकाला भेटायला गेली असं समज. पहिला लॅपटॉप उघडून म्हणतो, "सर, आमचं सोल्युशन क्लाउड-बेस्ड आहे, एआय-इनेबल्ड आहे." दुसरा विचारतो, "साहेब, प्लेटिंगचा माल नगांवर जातो ना? येताना नग मोजता की वजन?" मालक खुर्ची पुढे ओढतो आणि चहा सांगतो तो दुसऱ्यासाठी.

पण मालक खूश झाला म्हणजे ऑर्डर झाली असं धरू नकोस. आमच्या धंद्यातली ही गोष्ट कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नीट शिकवत नाहीत. चेक मालकाचा असतो, पण सॉफ्टवेअर वापरणार असतात अकाउंटंट आणि स्टोअरवाले. भोसरीच्या एका कारखान्यातला डेमो मला अजून आठवतो. मालक माना डोलावत होते. शेजारी त्यांचे अकाउंटंट बसलेले, निवृत्तीला टेकलेले, त्या घराण्याच्या दोन पिढ्यांचे हिशेब सांभाळलेले गृहस्थ. ते गप्प. शेवटी त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि एकच प्रश्न विचारला, "माऊसशिवाय चालतं का हो?" टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर त्यांची बोटं बसलेली. एफ8 दाबला की सेल्स, एफ9 दाबला की परचेस, मग एन्टर, एन्टर, एन्टर. स्क्रीनकडे न बघता बिल होतं. आमच्याकडे प्रत्येक रकान्यावर जाऊन टिचकी मारायची. दिवसाला शंभर बिलं करणाऱ्या माणसाला तुम्ही त्याचा हात कापून मागताय, हे त्या एका प्रश्नात होतं. मी डेमो तिथेच थांबवला, आमच्या डेव्हलपरला फोन लावला, की-बोर्डवर काय काय चालतं ते विचारलं आणि दुसऱ्या दिवशी मालकांना न भेटता फक्त त्यांना भेटायला गेले. ऑर्डर त्यांनी दिली. सही मालकांची होती.

आणखी एक. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. "दिवाळीनंतर बघू", "मुलगा पुण्याहून आला की ठरवतो", "कोटेशन पाठवून ठेवा" असं म्हणतात. नवा माणूस अशा वीस कोटेशनांवर स्वप्नं रचतो आणि तिमाही संपताना रडतो. मी एकच बघते, त्या माणसाने माझ्यासाठी काही काम केलं का? स्टोअरची आयटम लिस्ट पाठवली, सीएला विचारलं, अकाउंटंटला अर्धा दिवस मोकळा करून दिला, यातलं काहीतरी? केलं असेल तर तो घेणार आहे. नुसता चहा पाजला असेल तर तो चांगला माणूस आहे, एवढंच.

बाकी सरकारी नियम आमच्यासाठी फार विक्री करतात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा फोन आम्हाला यायचे, आम्ही करायचो नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू झालं आणि पायरीपायरीने उतरत ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आलं. प्रत्येक पायरीला नवं गिऱ्हाईक. जो पोरगा तारखा पाठ ठेवतो त्याला अनोळखी लोकांना आपणहून फोन कमी करावे लागतात.

हो म्हणायचं का? एचआरची मेल आली आणि आकडे पटले, तर हो म्हण. घरच्यांना सांग, दीड वर्ष बघतो. तेवढ्यात तुला कारखाना आतून कळेल, आणि नाहीच जमलं तर इंप्लिमेंटेशनला (ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवून द्यायला) किंवा प्री-सेल्सला (विक्रीआधी तांत्रिक बाजू समजावायला) वळता येतं. नुसता कोड शिकून आलेल्याला हे वळण इतकं सोपं नसतं.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे. सेल्समध्ये चालेल का? (जालना)

बोलायला चालेल. इथल्या कारखानदाराशी मराठी-हिंदीत बोललेलंच त्याला बरं वाटतं. लिहायला मात्र यायला हवं, तेही एकाच प्रकारचं. काय देणार, कितीला, 18 टक्के जीएसटी वेगळा की धरून, भाव किती तारखेपर्यंत, पैसे कधी. या पाच ओळी चुकल्या नाहीत की बास. मुंबईतल्या बँका किंवा परदेशी गिऱ्हाईक धरायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बोलणंही लागतं आणि ते वर्षभरात येतंही.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं सेल्समध्ये आहे. मार्च संपताना मॅनेजर म्हणाले, ग्राहकाकडून पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) घेऊन टाक, आणि त्यांना वेगळ्या मेलवर लिहून दे की जूनपर्यंत रद्द करता येईल. "सगळेच करतात" म्हणाले. मी टाळाटाळ केली, तेव्हापासून माझ्या नावे नवीन लीड (संभाव्य ग्राहकाचं नाव) येत नाही. काय करू? (पुणे)

जेएफएम आला की माणसं बदलतात. जानेवारी-फेब्रुवारी-मार्च मिळून वर्षाचा निकाल लागतो, मॅनेजरच्या डोक्यावर त्याचा मॅनेजर, त्याच्या डोक्यावर कुणीतरी. रोज संध्याकाळी फोरकास्टचा, म्हणजे किती विक्री होणार याच्या अंदाजाचा, कॉल, "कमिट किती? नक्की? माझ्या नावावर सांगू ना वर?" मला त्यांची दया येते. पण तुम्ही टाळलंत ते बरोबर केलंत.

ते जे वेगळ्या मेलचं प्रकरण आहे, त्याला साईड लेटर म्हणतात. पीओवर एक लिहिलेलं आणि बाजूला दुसरंच वचन. त्या पीओवर कंपनी विक्री दाखवते, ऑडिटरला बाजूची मेल दाखवत नाही. जूनमध्ये ग्राहक ऑर्डर रद्द करतो तेव्हा शोध सुरू होतो, आणि मेल कुणाच्या आयडीवरून गेली? तुमच्या. मॅनेजर तोंडी बोलले होते, तुम्ही लिहिलं होतं. वर तुम्हाला त्या ऑर्डरवर मिळालेला इन्सेंटिव्ह परत कापून घेतात तो वेगळाच.

आता काय करायचं. त्यांनी पुन्हा सांगितलं तर नाही म्हणू नका. मेल टाका : "आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक ग्राहकाला रद्द करण्याची मुभा द्यायची आहे. ती पीओच्याच अटींत घालून फायनान्सची मंजुरी घेऊ का?" साधा, अदबीचा प्रश्न. बहुतेक वेळा त्यावर उत्तर येतच नाही आणि विषय संपतो. उत्तर आलं, तर तुम्ही मोकळे.

लीड बंद केल्यात ते खरं दुखणं आहे, आणि तिथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कंपनीतल्या लीड मॅनेजरच्या हातात असतात. पण चार वर्षांत तुम्ही ज्यांना सॉफ्टवेअर बसवून दिलंत ते लोक त्यांच्या हातात नाहीत. दोन आठवडे जुन्या ग्राहकांकडे जा, काही विकायला नको, कसं चाललंय ते बघायला. शेजारच्या प्लॉटवाल्याचं नाव तिथूनच निघतं. आणि सोबत बायोडेटाही नीट करून ठेवा. दोन तिमाह्या हेच चाललं तर ती जागा सोडायची.

प्रश्न : मी फील्ड सेल्समध्ये आहे. एका मोठ्या ग्राहकाचे परचेस हेड कामाच्या निमित्ताने रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नको ते लिहितात, "ऑर्डरची चर्चा डिनरला करू" म्हणतात. बॉसला सांगितलं, तर "ऑर्डर मोठी आहे, जरा सांभाळून घे" म्हणाले. (नाशिक)

सांभाळून घ्यायचं नाही. त्या माणसालाही नाही आणि बॉसलाही नाही.

स्क्रीनशॉट काढून घरच्या मेलवर पाठवून ठेव, आजच. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, त्यात नोकरीच्या निमित्ताने तू जिथे जातेस ती जागाही कामाचं ठिकाण धरली आहे. म्हणजे ग्राहकाचं ऑफिसही आलं. आणि कामाच्या संबंधात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुला सुरक्षित ठेवणं ही तुझ्या कंपनीची जबाबदारी आहे, हेही त्यात आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. समितीच नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. बॉसला मेलवर एवढंच लिही की त्या ग्राहकाकडच्या पुढच्या सगळ्या भेटी दिवसा, ऑफिसात आणि आपला एक सहकारी सोबत घेऊनच होतील. परवानगी मागू नकोस, कळव.

ऑर्डर जाईल का? जाऊ शकते. माझ्या तरुणपणी आम्हाला वरिष्ठ बायका सांगायच्या, अशा ठिकाणी भाऊ म्हणून हाक मारायची. आम्ही मारायचो. त्याने काही होत नसे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकतो. रात्री तीनला घरी येतो, दुपारपर्यंत झोपतो. बहिणीचं लग्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात, तर म्हणतो "क्वार्टर एंड आहे, दोनच दिवस येईन". एवढं काय असतं? पगार चांगला आहे, पण आम्हाला काळजी वाटते. (सातारा)

काका, तो थापा मारत नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. कॅलिफोर्नियाचे 9 म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ तासाने हलवतात, म्हणजे हिवाळ्यात तुमच्या मुलाची रात्र आणखी एक तास लांबते.

तिमाहीचं म्हणाल तर या कंपन्यांना आपलं पंचांग ठाऊक नसतं. जून अखेर पुष्कळांची तिमाही संपते. मायक्रोसॉफ्टचं तर वर्षच 30 जूनला संपतं, ओरॅकलचं 31 मेला, सेल्सफोर्सचं 31 जानेवारीला. शेवटच्या चार-पाच दिवसांत ग्राहकही मुद्दाम थांबलेले असतात, कारण त्यांना माहीत असतं की आता सूट मिळेल. तीन महिने मागे लागून आणलेली ऑर्डर त्या दिवसांत हातातून गेली तर नुकसान त्याचं खरंच मोठं असतं.

लग्नाची तारीख हलत नसेल, तर त्याला म्हणा, जूनच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस ये, बस्ता, पत्रिका, केळवणं तेव्हा उरक. मग लग्नाला दोन दिवस आला तरी घरातला वाटेल. त्याच्या तब्येतीची काळजी मात्र रास्त आहे. रात्रपाळी तीन-चार वर्षांच्या पुढे नेऊ नये असं माझं मत आहे. अनुभव झाला की भारतातल्या किंवा दुबई-सिंगापूरच्या ग्राहकांचं काम मागता येतं. पगार थोडा कमी होतो, आणि ते त्याला तुम्ही समजावू नका, त्याचं लग्न झाल्यावर बायको समजावेल.

प्रश्न : मी गिऱ्हाईक आहे, विक्रेता नव्हे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. तुमच्या धंद्यातले लोक ऑर्डर होईपर्यंत रोज येतात, नंतर फोन उचलत नाहीत. दोनदा पैसे बुडाले. आता तिसऱ्यांदा घ्यायचं आहे. तुम्हीच सांगा कसं फसायचं नाही ते. (कोल्हापूर)

पाहुणं, तुमचं बरोबर हाय. विकणारा पोरगा सही झाली की पुढच्या टार्गेटला लागतो, कारण त्याला पगार त्याचाच मिळतो. पुढचं काम इंप्लिमेंटेशनची माणसं करतात आणि त्यांना तुमच्याशी काय बोलणं झालं ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून तोंडी जे जे ठरलं ते पीओच्या मागे मराठीत का होईना, लिहून जोडा.

पैसे एकदम देऊ नका. थोडे ऑर्डरसोबत, थोडे तुमचा खरा डेटा चढल्यावर, आणि चांगला जाडजूड हिस्सा एका महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट आणि जीएसटीचे आकडे त्यातून जुळले की. वार्षिक मेंटेनन्स साधारण किमतीच्या 18 ते 22 टक्के मागतात. तो पहिल्या वर्षी फुकट असतो की नाही, आणि दरवर्षी किती वाढेल, ते आधीच ठरवा.

पण खरं सांगू का, दोनदा पैसे बुडाले त्यात निम्मा दोष बहुतेक वेळा स्टोअरच्या यादीत सापडतो. एकच बोल्ट 'एम10 बोल्ट', '10 एमएम बोल्ट' आणि 'बोल्ट एचटी 10' अशा तीन नावांनी बसलेला असतो. कोणतंही सॉफ्टवेअर आणा, तिन्हींचा स्टॉक वेगळा दाखवणार. ऑर्डर देण्याआधी तुमच्या स्टोअरवाल्याला आणि एका चुणचुणीत पोराला पंधरा दिवस बसवून ती यादी साफ करा. त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

आणि पहिल्याच भेटीत विचारा, उद्या तुमच्याशी पटलं नाही तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये मला परत मिळेल का, कसा, किती दिवसांत, फुकट की पैसे घेऊन? समोरचा पोरगा गडबडला तर त्याच्यावर चिडू नका, त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. तिथेच बसून त्याला ऑफिसला फोन लावायला सांगा, स्पीकरवर.